एसटीच्या सवयीने श्रीलंका: ठाण्याहून सॅक घेऊन निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रीलंकेला मी दोनदा गेले. एकदा फेब्रुवारीत भाचीला घेऊन, दुसऱ्यांदा ऑगस्टमध्ये ट्रेकच्या ग्रुपातल्या तिघींबरोबर. दोन्ही वेळा फिरणं बसनेच झालं. तेव्हापासून सोसायटीत, येऊरच्या चढावर, थेट लोकलमध्येसुद्धा तेच तेच प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

गाडी-ड्रायव्हरचं पॅकेज मिळत असताना बसने कशाला फिरायचं?

अख्ख्या बेटाचं क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या भागाएवढं. एवढ्या जागेत बस जवळजवळ प्रत्येक गावाला जाते, आणि वारंवार जाते. मुख्य रस्त्यांवर वेळापत्रक बघावं लागत नाही. हात दाखवला की गाडी थांबते. भाडंही कमी आहे: कोलंबो ते कँडी हा ११५ किलोमीटरचा प्रवास साध्या बसने आपल्या शंभर रुपयांच्या आसपास होतो.

पण माझं खरं कारण वेगळं आहे. माझे वडील एसटीत वाहक होते, आणि लहानपणी आमच्या सगळ्या सुट्ट्या खिडकीशेजारच्या सीटवरच गेल्या. ज्याने लाल डब्यातून कोकण किंवा नगरकडचा मुलूख पाहिला आहे, त्याला श्रीलंकेची बस परकी वाटत नाही. शाळेची मुलं चढतात, मासळीची टोपली चढते, म्हातारी आजी तुमच्या मांडीवर आपली पिशवी ठेवून उभी राहते. पॅकेजच्या गाडीतून बेट दिसतं, पण त्यातली माणसं काचेपलीकडेच राहतात.

किती दिवस हवेत आणि रस्ता कसा आखायचा?

किमान दहा, जमल्यास बारा-तेरा. सहा रात्रींत सगळं बेट उरकायचा बेत असेल तर बस नको, कारण डोंगरात बस तासाला वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे सरकत नाही.

आम्ही फेब्रुवारीत केलेला रस्ता सांगते. विमानतळ काटुनायकला आहे आणि नेगोंबो तिथून अगदी जवळ. त्यामुळे कोलंबोत शिरण्याऐवजी पहिला मुक्काम नेगोंबोला केला. तिथून कुरुणेगलमार्गे दंबुल्ल आणि सिगिरिया, मग कँडी, मग हॅटन आणि श्रीपाद, म्हणजे अ‍ॅडम्स पीकचा डोंगर. तिथून नुवरएलियावरून हापुतळे आणि एल्ला, वेल्लवायकडे घाट उतरून दक्षिण किनारा, वेलिगम, गॉल आणि परत. दर मुक्कामी दोन रात्री ठेवा. एका रात्रीच्या मुक्कामात सॅक उघडायची आणि बांधायची, एवढंच होतं.

कुठल्या सुट्टीत जावं? दिवाळीत की मे महिन्यात?

याच बाबतीत आपल्याकडच्या लोकांचे बेत सर्वांत जास्त फसतात, म्हणून नीट वाचा. श्रीलंकेला एक नाही, दोन पावसाळे आहेत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मान्सून, आपलाच. तो कोलंबो, गॉल, वेलिगम आणि डोंगरांच्या पश्चिम उताराला झोडपतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मान्सून, तो त्रिंकोमाली आणि अरुगम बे या पूर्व किनाऱ्यावर पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा मधला काळ, आणि तेव्हा पाऊस कुठेही, कितीही पडतो. चक्रीवादळंही याच सुमारास येतात. नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस दित्वा चक्रीवादळाने डोंगराळ भागात भयंकर दरडी कोसळल्या, शेकडो माणसं गेली, रस्ते आणि रेल्वेमार्ग तुटले.

म्हणून दिवाळीची सुट्टी श्रीलंकेसाठी मी कोणालाच सुचवत नाही. डोंगर आणि दक्षिण किनारा हवा असेल तर नाताळनंतर ते मार्च. त्यातही फेब्रुवारी-मार्च उत्तम. मुलांच्या मेच्या सुट्टीतच जायचं असेल तर पूर्व किनारा निवडा: त्रिंकोमाली, निलावेली, अरुगम बे. आपल्याकडे धो धो पाऊस चालू असताना तिथे लख्ख ऊन असतं. ऑगस्टमध्ये ठाण्याहून छत्री घेऊन निघालेल्या आम्ही चौघी निलावेलीच्या वाळूत अनवाणी उभ्या होतो, आणि दोन दिवस आमचा त्यावर विश्वास बसत नव्हता.

आणखी एक: १३-१४ एप्रिलला सिंहली-तमिळ नववर्ष असतं. आधीचे दिवस गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, आणि प्रत्यक्ष सणाला गाड्याच कमी असतात. दर पौर्णिमेला ‘पोया’ची सुट्टी असते, तेव्हाही गर्दी वाढते.

सॅक किती मोठी घ्यावी?

मांडीवर मावेल एवढी. तीस लिटर, फार तर पस्तीस. पहिल्या खेपेला मी साठ लिटरची, हिमालयात वापरलेली सॅक नेली. कँडीहून हॅटनला निघालेली गाडी खच्चून भरलेली होती. वरच्या फळीवर सॅक मावेना, ड्रायव्हरशेजारी इंजिनच्या झाकणावर आधीच दोन पोती. शेवटी ती माझ्या बाजूच्या सीटवर उभी राहिली, वाहकाने रीतसर तिचं तिकीट फाडलं आणि मी पैसे दिले. दोन थांब्यांनंतर एक बाई कडेवर मूल घेऊन चढली. मी घाईघाईने सॅक ओढायला लागले, पट्टा सीटच्या दांडीत अडकला, आणि ती बाई हसून ‘असू द्या’ अशी खूण करत वळणावळणाला दांडी धरून उभी राहिली. तिला बसायला मिळेपर्यंत माझी मान वर होईना. त्या सीटचे पैसे मी दिले होते, पण जागा तिची होती. घरी आल्यावर ती सॅक मी एका ट्रेकर मुलाला देऊन टाकली.

आता माझं सामान असं असतं: तीन टी-शर्ट, दोन पँट, एक पातळ फ्लीस (नुवरएलियाची पहाट खरंच गार असते), पोंचो, टॉर्च, चपला, औषधं, आणि देवळांसाठी खांदे-गुडघे झाकणारी एक ओढणी. कपडे रात्री धुवायचे. निघण्याआधी रंगीत तालीम करा: भरलेली सॅक घेऊन खोपटच्या स्टँडवरून सकाळच्या गर्दीची कुठलीही एसटी पकडा आणि तासभर उभ्याने जा. किंवा कल्याणहून माळशेजच्या गाडीने वैशाखऱ्याला उतरून नाणेघाट चढून या. जे सामान नको वाटेल ते घरी काढून ठेवा.

बस कशा असतात? तिकीट कुठे काढायचं?

लाल बस सरकारी. सरकारी बससेवा १ जानेवारी १९५८ला ‘सीलोन ट्रान्सपोर्ट बोर्ड’ या नावाने सुरू झाली, त्यामुळे तिथली बरीच जुनी माणसं आजही लाल बसला ‘सीटीबी’ म्हणतात. बाकी रंगांच्या खासगी. दोन्ही बहुतेक अशोक लेलँडच्या, म्हणजे इंजिनाचा आवाजसुद्धा ओळखीचा. खासगी गाडीत ड्रायव्हरच्या वर बुद्धाची तसबीर, भोवती लुकलुकणारे दिवे, शेजारी बऱ्याचदा गणपतीही, आणि मोठ्याने गाणी. लांबच्या मार्गांवर एसी मिनीबस असतात. त्या भरल्याशिवाय निघत नाहीत, भाडं साध्या गाडीच्या दुपटीच्या आसपास.

आधी चढायचं, बसायचं, वाहक येतो. दोन बोटांच्या बेचक्यात घडी घातलेल्या नोटा, हातात छोटं मशीन. मोठी नोट दिलीत तर तिकिटामागे उरलेली रक्कम लिहून देतो आणि सुट्टे झाले की परत आणून देतो. आपल्याकडच्यासारखंच. उतरायच्या आधी आठवण करा.

सगळ्यात पुढची सीट भिक्खूंसाठी राखीव असते. रिकामी असली तर बसता येतं, पण भिक्खू चढले की लगेच उठायचं. एखादी बाई भिक्खूंच्या शेजारी बसत नाही, हेही लक्षात ठेवा. गाडी थांब्यावर पूर्ण थांबेलच असं नाही. एक पाय पायरीवर पडला की सुटते. म्हणून सॅक पाठीवर नको, पुढे छातीवर घ्या.

पाट्या कळतात का? बोलायचं कसं?

मार्गांना क्रमांक आहेत, तेच पाहा. १ म्हणजे कोलंबो–कँडी, २ कोलंबो–गॉल, ९९ कोलंबो–बदुल्ल (रत्नपुर, हापुतळे, बंडारवेलावरून), ८७ जाफना. पाटी सिंहली, तमिळ आणि इंग्रजीत असते.

एक घोटाळा मात्र नक्की होतो. वाहक ‘नुवर, नुवर, नुवर’ ओरडत असेल तर ती गाडी कँडीची. कँडीचं नाव महनुवर, मोठं नगर. नुवरएलिया वेगळं, कित्येक तास दूर.

भाषेची गंमत म्हणजे सिंहली आपल्या भाषेची दूरची बहीण आहे. आकडे ऐका: एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नवय, दहय. ‘स’च्या जागी ‘ह’ ठेवला की सात म्हणजे हत. गाव म्हणजे गम. ‘धन्यवाद’साठी ‘इस्तुती’, म्हणजे आपली स्तुती. आणि नमस्कारासाठी ‘आयुबोवन’, आयुष्य वाढो. किती पैसे झाले? ‘कीयद?’ उतरायचंय? ‘बहिन्न ओने’. एवढं आलं की वाहक तुमचं गाव आपणहून लक्षात ठेवतो. चहाच्या मळ्यांच्या भागात तमिळ चालते, तिथे ‘वणक्कम’ म्हणा.

व्हिसा आणि पैशांचं काय?

भारतीयांना ईटीए ही ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. ती सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. फीचे नियम मधूनमधून बदलतात, तेव्हा विमानाचं तिकीट काढायच्या आदल्या दिवशी तपासा. मुंबईहून थेट विमान अडीच-पावणेतीन तासांचं. घड्याळ बदलावं लागत नाही, वेळ आपलीच.

एका भारतीय रुपयाला तीनपेक्षा जास्त श्रीलंकन रुपये मिळतात. फेब्रुवारी २०२४पासून तिथे यूपीआय चालतं, दुकानांत आणि हॉटेलांत क्यूआर दिसतो. पण बसमध्ये रोखच, आणि तेही शंभराच्या नोटांत.

श्रीपाद चढणं जमेल का?

जमेल, पण तयारी करून. उंची २,२४३ मीटर, नल्लतन्नीय गावातून साडेपाच हजारांच्या आसपास पायऱ्या. कळसूबाई चढलेल्या माणसाला चढाईचं नवल नाही, पायऱ्यांचं आहे. उतरताना गुडघे बोलू लागतात. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहत असाल तर महिनाभर लिफ्ट सोडा. मजल्याला वीस पायऱ्या धरल्या तर पंचवीस मजले अकरा वेळा चढले की एक श्रीपाद होतो. रविवारी येऊरला मामा-भांजेचा डोंगर करा.

हंगाम डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेच्या वैशाख पौर्णिमेपर्यंत. या काळात रात्रभर वाटेवर दिवे असतात, चहाची दुकानं उघडी असतात. हॅटनहून बस मिळते, मस्केलियावरून. आम्ही रात्री दोनला निघालो. आमच्या पुढे पांढऱ्या साडीतल्या एक आजी होत्या, दोन्ही बाजूंना मुलं हात धरून. दर वीस पायऱ्यांवर थांबायच्या, कठड्याला टेकायच्या, पुन्हा निघायच्या. भाची तरुण, भराभर पुढे गेली आणि दमून बसली. आजी तिच्याजवळून गेल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढे झाल्या. माथ्यावर आम्ही पोचलो तेव्हा त्या आधीच तिथे होत्या.

शिखरावरच्या खुणेला बौद्ध बुद्धाचं पाऊल मानतात, हिंदू शिवाचं, मुसलमान आणि ख्रिस्ती आदमचं. एकाच वाटेने सगळे चढतात. वर एक घंटा आहे, जितक्यांदा श्रीपाद केला तितके टोल द्यायचे. सूर्य वर आला की पूर्वेकडे न बघता मागे वळा: डोंगराची रेखीव त्रिकोणी सावली खालच्या धुक्यावर पडलेली असते. ती काही मिनिटंच टिकते.

पोया आणि शनिवार-रविवार टाळा, रांग तासन्‌तास हलत नाही.

हॉर्टन प्लेन्सला बस जाते का?

हे डोंगरावरचं राष्ट्रीय उद्यान आहे, बस त्याच्या दारापर्यंत जात नाही. नुवरएलियाहून किंवा ओहियाहून जीप किंवा रिक्षा करावी लागते. तिथल्या ‘वर्ल्ड्‌स एंड’चा कडा सुमारे ८७० मीटर खाली कोसळतो. आपला कोकणकडा पाहिलेल्यांनाही तिथे गप्प व्हायला होतं. नऊ-एक किलोमीटरचा फेरा आहे. सकाळी नऊनंतर धुकं वर येतं आणि काहीच दिसत नाही, म्हणून पहाटेच निघा. फाटकावर प्लास्टिकची वेष्टनं काढून ठेवायला लावतात. ही तपासणी फार मनापासून होते. येऊरलाही व्हावी असं वाटतं.

बस आणि पायी, दोन्ही मिळून सर्वांत सुंदर दिवस कुठला?

माझ्यासाठी हापुतळेचा. गावातून सकाळी दंबतेन्नेच्या चहाच्या कारखान्यापर्यंत छोटी बस जाते. मळ्यात काम करणाऱ्या बाया, डबे, खराटे, शाळेची पोरं. आपण सगळ्यांत शेवटी उतरायचं. तिथून ‘लिप्टन्स सीट’ या उंचावरच्या जागेपर्यंत सात किलोमीटर चढ, दोन्ही बाजूंना चहा. वाटेत मळ्यातल्या बायांची बोटं पाहा: दोन पानं आणि एक कळी, न बघता खुडतात. बोटांच्या टोकांना चिकाचा काळसर डाग बसलेला असतो. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, आणि त्यांनी नाही म्हटलं तर सोडून द्या.

एल्ला तिथून जवळच. छोटा अ‍ॅडम्स पीक सोपा, एल्ला रॉक अर्ध्या दिवसाचा. १९२१चा नऊ कमानींचा पूल दगड-विटांचा आहे, पोलादाशिवाय बांधलेला. वेल्लवायकडे उतरणारी बस रावण धबधब्याच्या अगदी कडेने जाते. रामायणाची ओढ असेल त्यांनी नुवरएलिया–वेलिमड गाडीने सीताएलियाचं सीता अम्मनचं देऊळही पाहावं, ते रस्त्यालगतच आहे. कोस्लंदच्या पुढे २२० मीटरचा दियलुम धबधबा बसच्या खिडकीतूनही दिसतो.

राफ्टिंग, सर्फिंग वगैरे?

राफ्टिंग कितुलगलला, केलनी नदीवर. हॅटन–कोलंबो रस्त्यावरच आहे, बस दारात सोडते. नवशिक्यांना झेपेल असं पाणी आहे, पण डोंगरात जोराचा पाऊस झाला असेल तर आयोजक कितीही म्हणाले तरी उतरू नका. सर्फिंग शिकायचं तर नोव्हेंबर ते एप्रिल वेलिगम: खाली वाळू, लाटा मवाळ. एप्रिल ते ऑक्टोबर अरुगम बे, त्यासाठी बसने पोट्टुविल आणि पुढे रिक्षा. मिरिस्सहून नोव्हेंबर ते एप्रिल निळे देवमासे बघायला बोटी जातात. देवमाशाच्या अंगावर न जाणारी, अंतर राखणारी बोट निवडा. निलावेलीसमोरच्या पिजन बेटावर प्रवाळ आहे, त्याच्यावर उभं राहू नका. एक पाऊल पडलं की वर्षानुवर्षांची वाढ मोडते.

सिगिरियाचं तिकीट फार महाग आहे म्हणतात?

परदेशी लोकांसाठी आहेच. सार्क देशांतल्या नागरिकांना सवलत मिळते, त्यासाठी पासपोर्ट खिशात हवा. पाचव्या शतकातल्या कश्यप राजाचं हे शिखरावरचं नगर, भोवतालच्या जमिनीपासून सुमारे १८० मीटर उंच. दंबुल्लहून बस आहे. उघडताच आत जा आणि चढताना आवाज करू नका. कड्यावर मधमाश्यांची मोठी पोळी आहेत. आग्यामोहोळ पाहिलेल्यांना जास्त सांगायला नको.

जळवा असतात का?

असतात, विशेषतः नकल्स डोंगररांगेच्या जंगलात आणि पावसानंतर. पावसाळी सह्याद्री केला असेल तर नवीन काही नाही. लांब मोजे, त्यांवर मीठ किंवा साबण. ओढून काढू नका.

शाकाहारी माणसाची उपासमार होईल का?

होणार नाही. भात आणि चार-पाच भाज्यांचं ताट दुपारी सगळीकडे मिळतं: फणस, डाळ, भोपळा, बीट. नाश्त्याला आप्पम आणि शेवयांसारखं इंदिआप्प. फक्त ‘उंबलकड’ सांभाळा. हे सुक्या माशाचे तुकडे नारळाच्या चटणीत सुद्धा असतात. ‘मालू एपा, मस एपा’ म्हणा, मासे नको, मांस नको. बसमध्ये पोरं ‘वडे, वडे, वडे’ ओरडत चढतात आणि क्षणभर कर्जत स्टेशनात असल्यासारखं वाटतं. परिप्पु वडे म्हणजे डाळवडे, खुशाल घ्या. वर कोळंबी चिकटलेले ते इस्सो वडे.

एकट्या बाईने बसने फिरावं का?

फिरावं. गर्दीच्या गाड्यांत धक्के आणि नको ते स्पर्श तिथेही होतात, हे लपवून कोणाचं भलं होणार नाही. पुढच्या भागात, दुसऱ्या बाईच्या शेजारी बसा. कोणी त्रास दिला तर मोठ्याने बोला, मराठीत बोललात तरी चालतं, सूर कळतो. आमच्या वेळी वाहकाने त्या माणसाला पुढच्याच थांब्यावर उतरवलं.

कँडी–एल्ला रेल्वे सोडायची का?

नाही. एक तुकडा करा. हापुतळे ते एल्ला तासाभराचा आहे, गर्दी कमी असते आणि दऱ्या त्याच. दरडीनंतर मार्ग बंद राहू शकतो, आधी चौकशी करा. दारात लोंबकळून फोटो नको. आपण लोकलवाले, आपल्याला हे सांगावं लागू नये.

आईबाबांना नेता येईल?

आले तर एसी मिनीबस, कमी टप्पे, आणि श्रीपादऐवजी हापुतळे. हापुतळेच्या खालच्या बेरगलच्या वळणांवर पोट ढवळतं, त्यासाठी निघण्याआधी गोळी द्या आणि पुढच्या सीट धरा.

शेवटची गाडी चुकली तर?

खेड्यांकडच्या गाड्या संध्याकाळी सहाच्या सुमारास संपतात, त्यामुळे सकाळी उतरल्या उतरल्या परतीची शेवटची गाडी कधी हे वाहकाला विचारून ठेवा. आमची दंबतेन्नेहून चुकली. अंधार पडत होता, रिक्षा नव्हती. कारखान्याच्या फाटकावरच्या दुकानदाराने बाक पुसून दिला, साखर वेगळी ठेवून काळा चहा दिला आणि फोनवर कोणाला तरी बोलावलं. अर्ध्या तासाने त्याचा भाऊ रिक्षा घेऊन आला. चहाचे पैसे त्याने घेतले नाहीत. भाचीने तिच्या सॅकमधली चिक्कीची वडी काढून त्याच्या मुलीला दिली. ती पोरगी आधी वास घेऊन बघत होती.